जे दिसत नाही, ते नसतं का? : पेशीच्या सांगाड्याचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसांनी जीवशास्त्रात कशाला शिरावं? कारण साधं आहे. एखादी गोष्ट दिसली नाही, म्हणजे ती नाही, असं आपण केव्हा म्हणू शकतो? हा प्रश्न मुळात आमच्या घरचा. आणि पेशीच्या सांगाड्याचा इतिहास पाहिला, तर तो जवळजवळ याच प्रश्नाचा इतिहास आहे.

आधी वस्तू ओळखून घेऊ. शाळेत आपण सगळ्यांनी पेशीची आकृती काढलेली आहे. बाहेर एक आवरण, मध्ये केंद्रक, आणि उरलेल्या जागेत पेशीद्रव. म्हणजे काय, तर पाण्याने भरलेली पिशवी. पण पाण्याने भरलेली पिशवी गोल होऊ पाहते. मग आपल्या कमरेजवळच्या मज्जापेशीचा तंतू पायाच्या अंगठ्यापर्यंत, जवळपास मीटरभर लांब कसा राहतो? रक्तातली तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट बशीसारखी कशी राहते? हा आकार धरून ठेवणारे प्रथिनांचे धागे पेशीच्या आत असतात. त्या सगळ्या जाळ्याला सायटोस्केलेटन म्हणतात, मराठीत पेशीचा सांगाडा.

हे धागे मुख्यतः तीन प्रकारचे. सर्वांत बारीक ॲक्टिनचे, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे. त्याहून जाड ते मध्यम तंतू, १० नॅनोमीटरचे. आणि सर्वांत जाड त्या सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटरच्या, आतून पोकळ. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साध्या सूक्ष्मदर्शकाने एकेकटा धागा वेगळा दिसणं अशक्य, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता इतिहास. १८८२ साली जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर फ्लेमिंग यांनी पेशीविभाजनावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशी दुभंगताना मध्ये चातीच्या आकाराची धाग्यांची रचना दिसते आणि गुणसूत्रं दोन टोकांना सरकतात, हे त्या काळच्या चित्रांत स्पष्ट आहे. पण ही चित्रं मेलेल्या पेशींची होती. पेशी आधी रसायनात बुडवून 'स्थिर' करायची, मग रंगवायची, मग पाहायची. जिवंत पेशीत मात्र धागे दिसत नसत. तेव्हा आक्षेप आला, आणि तो रास्त होता: हे धागे पेशीत मुळात आहेत, की रसायनाने पेशीद्रव गोठल्यामुळे तयार झाले? दूध नासवलं की गुठळ्या दिसतात. म्हणून दुधात आधीपासून गुठळ्या होत्या असं कोणी म्हणत नाही.

हा वाद सत्तर वर्षं चालला. दरम्यान १९०३ मध्ये रशियातल्या निकोलाय कोल्त्सोव्ह यांनी, पेशीचा आकार आतल्या ताठ तंतूंमुळे टिकतो, असं मांडलं. १९३१ मध्ये फ्रान्सच्या पॉल विंत्रबेर यांनी 'पेशी-सांगाडा' या अर्थाचा फ्रेंच शब्दही वापरला. म्हणजे बघा, वस्तू सर्वांना पटण्याआधी नाव तयार होतं! शेवटी जपानमधून अमेरिकेत गेलेल्या शिन्या इनोउए यांनी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक इतका सुधारला की १९५३ मध्ये जिवंत, दुभंगत असलेल्या पेशीतच ती चात आणि तिचे तंतू दिसले. धागे खरे होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. इथून ती जास्त बोधप्रद होते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आला. आता सगळं दिसायला हवं होतं. शुक्राणूच्या शेपटीत, पेशीवरच्या रोमांत नलिका दिसल्याही. पण बाकी पेशीद्रवात? जवळजवळ काही नाही. कारण त्या काळी पेशी ऑस्मियम टेट्रॉक्साइडने स्थिर करत, आणि तेही बहुधा बर्फाइतक्या थंडीत. सूक्ष्मनलिकांचा स्वभाव असा की थंडी लागली की त्यांचे घटक सुटे होऊन विरघळून जातात. म्हणजे पाहण्याची तयारीच पाहायच्या वस्तूला मोडून टाकत होती. १९६३ मध्ये ग्लुटाराल्डिहाइड हे नवं रसायन आलं, तेही सौम्य तापमानाला वापरता येणारं. आणि त्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना वनस्पतींच्या पेशींत, तर स्लॉटरबॅक यांना हायड्रा या प्राण्यात, त्याच नलिका सापडल्या. 'मायक्रोट्यूब्यूल' हे नाव तेव्हाचं.

आता आमच्या घरची गोष्ट. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण मानतात. समोरच्या जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं कळतं. पण त्यांनी एक अट घातली, आणि तिच्यात सगळं शहाणपण आहे. ती अनुपलब्धि 'योग्य' हवी. घडा तिथे असता तर दिसलाच असता, इतका उजेड आणि इतकी दृष्टी आपल्यापाशी हवी. अंधाऱ्या खोलीत डोकावून 'घडा नाही' म्हणता येत नाही. १९५० च्या दशकातली अनुपलब्धि अयोग्य होती. दुसऱ्या बाजूने, फ्लेमिंगच्या टीकाकारांना मूर्ख ठरवण्याचंही कारण नाही. त्यांनी उपलब्धीची परीक्षा मागितली, आणि ती मागायलाच हवी होती. फक्त परीक्षा होईपर्यंत निकाल द्यायचा नाही, एवढं पथ्य दोन्ही बाजूंना लागू.

पुढचा टप्पा आपल्या कोकणच्या कुंपणांशी नातं सांगणारा आहे. पावसाळ्यात लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची एक वेल कुंपणावर चढते. पानांची टोकं ताणव्यांसारखी वळलेली. ती कळलावी. तिच्या कंदाने बाळंतिणीला कळा येतात या समजुतीवरून हे नाव पडलं, असं सांगतात. संस्कृतात तीच लांगली. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे जहाल विष असतं. घरगुती औषध म्हणून कोणीही तिच्या वाटेला जाऊ नये, हे इथे स्पष्ट सांगितलेलं बरं. हेच द्रव्य युरोपातल्या कोल्चिकम या झाडात असतं. संधिवाताच्या एका प्रकारावर, म्हणजे गाऊटवर, ते शतकानुशतकं दिलं गेलं आणि आजही डॉक्टर मोजून-मापून देतात.

१८८९ मध्ये पेर्निचे या इटालियन शास्त्रज्ञाने नोंदवलं की हे विष दिलेल्या प्राण्याच्या आतड्यात पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकून पडलेल्या दिसतात. त्या नोंदीकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९३४ नंतर ब्रुसेल्सच्या द्युस्तँ यांच्या प्रयोगशाळेने तो धागा पुन्हा उचलला. पण कोल्चिसिन नेमकं कशाला चिकटतं? शिकागोत बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन वापरून १९६७ मध्ये ते प्रथिन पकडलं. गंमत अशी की ते दुभंगणाऱ्या पेशींत तर सापडलंच, पण मेंदूत भरपूर सापडलं. मेंदूतल्या मज्जापेशी तर दुभंगत नाहीत! मग तिथे या प्रथिनाचं काय काम? उत्तर असं की मज्जातंतूंमध्ये सूक्ष्मनलिका खच्चून भरलेल्या असतात. पुढच्याच वर्षी जपानच्या मोहरी यांनी या प्रथिनाला ट्युब्युलिन नाव दिलं. मराठीत भांडणं लावणाऱ्यालाही आपण कळलाव्या म्हणतो. कोल्चिसिन पेशीत तेच करतं: ट्युब्युलिनचे घटक एकमेकांना जोडू देत नाही.

आता 'सांगाडा' या शब्दाकडे वळू. हा शब्द अर्धा खरा आहे. मध्यम तंतूंना तो शोभतो. आपले केस आणि नखं ज्याची बनतात ते केराटिन याच घराण्यातलं. त्वचेतल्या केराटिनच्या जनुकात दोष असला, तर नुसत्या घासण्यानेही अंगावर फोड उठतात. पण सूक्ष्मनलिका? १९८४ मध्ये मिचिसन आणि किर्शनर यांनी दाखवलं की त्या सतत वाढत असतात आणि मध्येच एकाएकी कोसळतात. हाडांचा सांगाडा असा वागत नाही. आम्हाला यापेक्षा गणपतीचा मांडव जवळचा वाटतो. बांबू तेच, गरज पडेल तिथे बांधले, सोडले, दुसरीकडे पुन्हा बांधले. फरक इतकाच की पेशीचा मांडव काही मिनिटांतच मोडतो आणि उभा राहतो, आणि तो घालणारा कंत्राटदार कोणी नसतो.

शिवाय या नलिका वाटाही आहेत. सांताक्रूझकरांना हे चटकन कळेल. नलिकेला दोन टोकं असतात. बहुतेक पेशींत एक टोक केंद्रकाजवळ, त्याला चर्चगेट म्हणू. दुसरं परिघाकडे, ते विरार. कायनेसिन नावाचं प्रथिन सामान घेऊन सहसा विरारकडे चालतं. ते १९८५ मध्ये सापडलं. डायनीन चर्चगेटकडे. गंमत म्हणजे एकाच डब्याला दोन्ही इंजिनं जोडलेली असतात, आणि रस्सीखेच चालते.

या रस्सीखेचीचा अभ्यास आपल्या शहरात झाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. तिथेच पुढे रूप मल्लिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पेशीने गिळलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी लेझरच्या चिमटीत पकडून, जिवंत पेशीत कोण किती जोराने ओढतं ते मोजलं. एकटं डायनीन कायनेसिनपेक्षा दुबळं. पण २०१३ च्या त्यांच्या शोधनिबंधात दिसलं की ओझं वाढलं की पुढची डायनीनं मंदावतात, मागची येऊन मिळतात, आणि भार वाटला जातो. संघाने ओढलं की दुबळाही जिंकतो. २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. पांढऱ्या पेशीने गिळलेला जंतू नष्ट व्हायचा तर डायनीनांनी एकत्र जमून त्याला आत ओढायला हवं. काळा आजाराचा परजीवी, लेश्मानिया डोनोव्हानी, याच्या अंगावरचा एक रेणू नेमकी हीच जमवाजमव बिघडवतो. म्हणजे जंतूचं जगणं-मरणं या इंजिनांच्या एकीवर ठरतं. मल्लिक यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेत कृशानु रे यांनी फळमाशीत आणि संध्या कौशिका यांनी सूक्ष्म गोलकृमीत मज्जातंतूंमधली वाहतूक अभ्यासली.

आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या कर्करोगात केराटिन कसे बदलतात ते पाहिलं. तोंडाच्या अस्तरात एरवी ज्या केराटिनांना जागा नसते, ती केराटिन ८ आणि १८ कर्करोगात तिथे दिसू लागतात. तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या प्रांतात हा अभ्यास निव्वळ कुतूहलाचा नाही.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. मांडवातला प्रत्येक बांबू बदलला, तरी मांडव तोच का म्हणायचा? बौद्ध म्हणतील, 'तोच' हा केवळ व्यवहार. क्षणाक्षणाला नवी रचना. नैयायिक म्हणतील, अवयवांहून वेगळा असा एक अवयवी आहे. तुमच्या मेंदूतल्या नलिकांचं ट्युब्युलिन सतत बदलत असतं, आणि तरी लहानपणी पाठ केलेला बे एके बे तुम्हाला आज येतो. यांपैकी कोणाचं म्हणणं पेशीला जास्त लागू पडतं? आम्हाला नैयायिकांकडे झुकावंसं वाटतं, पण अजून पुरता निश्चय नाही. तुमचे प्रश्न आता घेऊ या.