लेखकाची तयारी : अर्ज, रकाना, फड आणि वही

अभ्यासशिबिरात, वसतिगृहात किंवा एखाद्या साहित्य मेळाव्याच्या मधल्या सुटीत कुणी तरुण, कुणी तरुणी जवळ येते आणि दबक्या आवाजात विचारते, 'मला लेखक व्हायचंय, तयारी कशी करू?' या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक, लेखक जन्मावा लागतो. दोन, अनुभव जळजळीत असला की लेखणी आपोआप चालते. पहिले उत्तर प्रस्थापितांच्या साहित्यशास्त्रातून आलेले आहे. ते प्रतिभेला जन्माशी बांधते. आणि जन्माशी बांधलेल्या गोष्टींनी आपल्याला काय दिले, हे वेगळे सांगायला नको. दुसरे उत्तर आपल्याच माणसांनी मायेने दिलेले आहे. पण तेही तितकेच फसवे आहे. अनुभव तर आपल्या शेकडो पिढ्यांजवळ होता. जळजळीतपणाची वाणही कधी नव्हती. मग त्या पिढ्यांचे ग्रंथ कुठे आहेत?

म्हणून हा प्रश्न इतिहासाला विचारायला हवा. आपल्यातले जे लिहिते झाले, ते कसे झाले? त्यांच्या हाताला वळण कुणी लावले?

सुरुवात १८५५ सालापासून करू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. तो वाचताना आजही आपण थक्क होतो, ते त्यातील दुःखापेक्षा त्यातील युक्तिवादाने. वेदांवर अधिकार केवळ ब्राह्मणांचा असेल तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल ती करते. पेशवाईतील जुलमांची नोंद घेते. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणीचे हाल सांगते. एका शाळकरी मुलीच्या हाती वस्तुस्थिती, प्रश्न आणि निष्कर्ष अशी तिन्ही हत्यारे आहेत. शाळेची थोडकी वर्षे आणि विचार करायला शिकवणारे शिक्षक एवढ्या भांडवलावर हे घडले.

पण या घटनेला दुसरी बाजू आहे आणि ती सुखाची नाही. मुक्ताचे दुसरे लेखन आज उपलब्ध नाही. अनुभव होता, बुद्धी होती, अक्षर होते. नव्हता तो पुढचा रकाना. 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचे पत्र. अस्पृश्यांच्या स्वतःच्या हाती नियतकालिक यायला त्यानंतर पन्नासेक वर्षे जावी लागली. लेखकाची तयारी ही एकट्याची गोष्ट नसते. तयारीचा अर्धा भाग लेखकाने करायचा असतो आणि अर्धा त्याच्या समाजाने, त्याच्या चळवळीने. हा उरलेला अर्धा भाग जिथे झाला, तिथे आपल्याला लेखक मिळाले. जिथे झाला नाही, तिथे मुक्ताचा एकच निबंध उरला.

आपल्या लेखकांची पहिली कार्यशाळा म्हणजे अर्ज. हे ऐकून कुणाला हसू येईल. पण लष्करातून १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर लिहिते झाले ते काही कवितासंग्रह काढण्यासाठी नव्हे. लष्करातील शिक्षणाने त्यांना अक्षर दिले होते. जोतीरावांच्या विचाराने दृष्टी दिली होती. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि धर्माच्या ठेकेदारांपुढे प्रश्न टाकले. महारांची लष्करभरती बंद पडली तेव्हा १८९४ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही हाच मार्ग धरला. १९०३ साली सासवडला त्यांनी एक्कावन्न गावांतील महारांची सभा घेतली. लष्करात आणि पोलिसांत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून अर्ज केले आणि १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत मागणी पोहोचवली.

अर्ज काय शिकवतो? आपण कुणाशी बोलतो आहोत हे तो विसरू देत नाही. त्यात नुसते हाय हाय चालत नाही. काय घडले, केव्हा घडले, कुणी केले आणि आमचे मागणे काय, हे क्रमाने सांगावे लागते. एक शब्द चुकला तर अर्ज फेटाळला जातो आणि त्याचे नुकसान संपूर्ण वस्तीला होते. ही जबाबदारी ज्याने पेलली, त्याच्या वाक्यात सैलपणा राहत नाही. आज वस्तीत शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा अर्ज, गायरानाच्या जमिनीचा अर्ज लिहून देणारा मुलगा शाळेतल्या निबंधापेक्षा अधिक काही शिकत असतो. त्याने हे काम हलके मानू नये.

दुसरी कार्यशाळा म्हणजे वृत्तपत्राचा रकाना. शिवराम जानबांनी १ जुलै १९०८ रोजी पुण्यात 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. तेव्हा ते मेसन लोकांच्या हॉलमध्ये बटलर होते. या मासिकात मुरळीच्या प्रथेविरुद्ध लिहिले जात होते, आणि शिवूबाई या मुरळीने स्वतः लिहिलेले पत्रही त्याने छापले. जिला कुणी माणसात धरत नव्हते, तिला रकाना मिळाला. नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना काढला. 'निराश्रित हिंद नागरिक' (१९१०), 'विटाळ विध्वंसक' (१९१३), 'मजूर पत्रिका' (१९१८), 'चोखामेळा' (१९३१) ही त्यांची पत्रे एकामागून एक निघाली. एक बंद पडले की दुसरे काढायचे, ही त्यांची रीत. आपला लेख परत आला म्हणून लेखणी मोडून बसणाऱ्या तरुणाने या चार सालांकडे पाहावे.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पैसे मोजण्याची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते; संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले. पगारी लेखक ठेवायला पैसा नव्हता. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. कोर्ट, कॉलेज, महाडचा सत्याग्रह हे सारे सांभाळून हे चालले होते. लिहायला वेळ मिळत नाही, अशी तक्रार करताना हे चोवीस रकाने डोळ्यांपुढे आणावेत. रकाना नियमितपणा शिकवतो. मन लागो न लागो, अंकाचा दिवस टळत नाही.

पण हे रकाने भरायला पाठीमागे साठा लागतो, तो वाचनाचा. रामजी सुभेदारांनी लहानग्या भीमरावाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली होती. पुस्तकासाठी पैसे नसले की ते आपल्या लेकींचे दागिने मागून गहाण टाकत. म्हणजे बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाच्या तळाशी बहिणींचे दागिने आहेत. तीच वृत्ती पुढे संस्था झाली. १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. खेड्यापाड्यांतली मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन तिथे आली. घराण्यात पहिल्यांदाच ग्रंथालयाचे दार ओलांडणाऱ्या त्या मुलांना म. भि. चिटणीस, म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक भेटले. १९६७ मध्ये 'अस्मिता' आणि १९६८ पासून 'अस्मितादर्श' याच भूमीतून निघाले. मराठवाड्याच्या मातीतून दलित साहित्य उगवले असे आपण म्हणतो; पण ती माती आधी कुणीतरी नांगरली होती.

तिसरी कार्यशाळा फडाची. नाशिककडे भीमराव कर्डकांच्या जलशांनी १९३० च्या दशकात बाबासाहेबांचा विचार अक्षरशून्य माणसांपर्यंत नेला. जलशाचा लेखक घरात बसून लिहीत नाही. समोर दिवसभर राबून आलेली माणसे असतात. शब्द जड झाला की ती उठून जातात. अण्णाभाऊ साठे याच फडाचे. वाटेगावच्या शाळेत दीड दिवस गेलेला हा मुलगा मुंबईत भित्तिपत्रके आणि दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे गिरवत गेला. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पोवाडे, वग, लावण्या लिहिताना कान तयार झाला आणि त्या कानावर १९५९ ची 'फकिरा' उभी राहिली. १९५८ साली मुंबईत नायगावला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. आपली बोली साहित्याला चालेल का, ही शंका ज्यांना छळते त्यांना फडाने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. मात्र बोली लिहिणे म्हणजे शिव्यांची यादी करणे नव्हे. बोलीलाही व्याकरण असते, लय असते, मर्यादा असते. ती कान देऊन शिकावी लागते.

चौथी कार्यशाळा सर्वांत एकाकी आहे. ती म्हणजे लपवलेली वही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत. सामान बांधून आलेल्या रद्दीच्या कागदांवर काय छापले आहे ते त्या वाचत. गिऱ्हाईक नसले की लिहीत. लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवत, आणि हे लपवणे वर्षानुवर्षे चालले. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन पाहिले, तेव्हा ते १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. बाहेरच्या व्यवस्थेचा बहिष्कार आपण ओळखतो. पण वही लपवावी लागली ती घरात. आपल्या चळवळीने हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. त्या दोघींनी दुसऱ्यांच्या न लिहिल्या गेलेल्या वह्या लिहून काढल्या. तरुणांसाठी यापेक्षा चांगला पाठ नाही. आधी आजीला विचारा, तिच्या शब्दांत उतरवून घ्या. स्वतःची कहाणी मागाहून सांगता येईल.

आता पोटाचा प्रश्न. लेखनाकडे उपजीविका म्हणून पाहणाऱ्यांना इतिहास खोटी आशा दाखवत नाही. शिवराम जानबा बटलर होते, बाबुराव बागूल रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामगार होते, बेबीताईंचे दुकान होते. अण्णाभाऊंनी विपुल लिहिले आणि १९६९ साली ते दारिद्र्यातच गेले. तेव्हा हाताला एखादे काम असू द्यावे. त्यात कमीपणा नाही. उलट बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) कामगारवस्तीतूनच आले. पण अण्णाभाऊंच्या दारिद्र्याचे गोडवे गाणेही थांबवले पाहिजे. लेखकाने उपाशी मरावे आणि आपण जयंतीला हार घालावा, हा काही आदर्श नव्हे. अंक विकत घेणे, वर्गणी वेळेवर भरणे, लेखकाला मानधन देणे हीही चळवळीची कामे आहेत.

तेव्हा तरुण मित्रांनो आणि मैत्रिणींनो, तयारी कशी करू, याचे उत्तर या इतिहासात आहे. वस्तीचा अर्ज लिहा, म्हणजे नेमकेपणा येईल. एखाद्या पत्रासाठी ठरल्या दिवशी मजकूर द्या, म्हणजे शिस्त येईल. लिहिलेले मोठ्याने वाचून निरक्षर माणसाला ऐकवा, म्हणजे भाषा खरी होईल. वही ठेवा, भरपूर वाचा, आणि ज्यांच्याशी आपले भांडण आहे त्यांचेही ग्रंथ वाचा. स्वतःचे दुःख लिहिताना ते आपल्या एकट्याचे नाही याचे भान ठेवा. नाहीतर विद्रोहाचीही फॅशन होते आणि दुःखाचेही दुकान लागते.

आणि जे शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, संपादक आहेत, त्यांना वेगळे सांगणे आहे. पहिल्या निबंधानंतर गप्प झालेली मुलगी प्रत्येक शाळेत असते. तिच्या निबंधाला शाबासकी देऊन आपले काम संपत नाही. दुसरा निबंध मागायला तिच्या दारी जावे लागते आणि तो छापायला जागा राखून ठेवावी लागते. मुक्ता साळवेच्या दारी तेव्हा कुणी गेले की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. आपण गेलो की नाही, हे मात्र उद्या विचारले जाईल.