राजबंदी : पुण्याहून पॅलेस्टाईनकडे

जुलै १८९७ मध्ये, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर, सरकारने दोन तऱ्हांनी माणसे उचलली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. मुंबई हायकोर्टात ज्युरी बसली, वकिलांची भाषणे झाली, अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. निकाल पटो न पटो, खटला झाला. त्याच सुमारास पुण्याचे सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू पकडले गेले. त्यांच्यावर आरोप नव्हता, त्यामुळे बचाव नव्हता आणि शिक्षा नसल्याने मुदतही नव्हती. मिळकतीवर मात्र सरकारी टाच आली. हे प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटात विचारले गेले, तेव्हा सरकारने एका जुन्या कागदाकडे बोट दाखवले : मुंबई रेग्युलेशन २५, सन १८२७. एल्फिन्स्टनच्या प्रसिद्ध कायदेसंहितेतला हा एक तुकडा. नातू सुमारे दोन वर्षे अडकून पडले, आणि त्यांचा गुन्हा कोणत्याही न्यायाधीशाने कधी ऐकला नाही.

आता मार्च १९७९. जेरुसलेममध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे नेसेटने, बिनखटल्याच्या स्थानबद्धतेचा नवा कायदा केला. तो आणणारे कायदेमंत्री श्म्युएल तामिर. ब्रिटिश अमदानीत इर्गुन या ज्यू भूमिगत संघटनेत असताना हेच तामिर अशाच हुकुमाखाली पकडले गेले होते आणि खटल्याशिवाय केनियात हद्दपार झाले होते. कैद्याने कैदेचा कायदा लिहावा हा योगायोग पाहून मी मागे मागे जाऊ लागलो, आणि वाट पुण्यात येऊन पोचली. पॅलेस्टाईनमधल्या अरब-ज्यू संघर्षाला ज्या हत्याराने त्याचा सरकारी आकार दिला, त्याचे मूळ घराणे हिंदुस्थानी आहे, असे माझे म्हणणे आहे.

संघर्षाची नेहमीची कुळकथा वचनांची आहे. १९१५-१६ मध्ये ब्रिटिश अधिकारी मॅकमॅहनने मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रांतून अरब स्वातंत्र्याची आशा लावली, १९१६ मध्ये ब्रिटनच्या साइक्स आणि फ्रान्सच्या पिको यांनी तोच प्रदेश कागदावर वाटून घेतला, २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरने ज्यूंना राष्ट्रीय घर देऊ केले. हे सारे खरे आहे, पण वचनांनी फक्त भांडणाचे कारण पुरवले. भांडण चालवायचे कसे, शेजाऱ्याला नमवायला सरकारी यंत्र कसे वापरायचे, हे दोन्ही बाजूंनी दुसरीकडे पाहिले : ब्रिटिशांच्या आणीबाणीच्या नियमांत.

या नियमांचा मूळपुरुष म्हणून मी बंगालचे १८१८ चे रेग्युलेशन ३ पुढे करतो. पेशवाई बुडाली त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने ठरवले की राज्याच्या सुरक्षेसाठी ज्याच्यावर खटला भरणे योग्य किंवा शक्य नाही, त्याला नुसत्या सरकारी हुकुमाने अडकवता यावे. मद्रासने १८१९ मध्ये आणि मुंबईने १८२७ मध्ये तोच कित्ता गिरवला. पदच्युत राजे आणि बंडखोर सरदार यांच्यासाठी केलेली ही सोय पुढे वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसांवर वापरली गेली. १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग याच कलमाखाली मंडालेला गेले, १९२४ मध्ये सुभाषचंद्र बोसही याच कलमाखाली पकडले गेले.

यावर आयर्लंडचे अभिमानी हरकत घेतात. त्यांच्या मते बिनखटल्याची कैद हा आयरिश प्रयोग. १८८१ च्या कायद्याखाली आयरिश पुढारी पार्नेल किल्मेनहॅम तुरुंगात बसला होताच. शिवाय १९२२ मध्ये आयर्लंडातले पोलीसदल मोडल्यावर तिथले ‘ब्लॅक अँड टॅन’ आणि ऑक्झिलरी शिपाई सुमारे सातशेच्या संख्येने थेट पॅलेस्टाईनच्या ब्रिटिश जंदार्मरीत, म्हणजे सशस्त्र पोलीसदलात, भरती झाले. माणसे बोटीतून उतरताना दिसत असताना आणखी पुरावा कशाला हवा?

दावा जोरदार आहे. पण १८८१ चा आयरिश कायदा पार्लमेंटने केला होता, त्याला मुदत होती आणि पुढच्या वर्षी तो संपला. तिथे दर वेळी नवा कायदा, नवी चर्चा, नवी लाज. १८१८ च्या रेग्युलेशनला मुदतच नव्हती. ते शंभर वर्षे कपाटात पडून राहिले, तरी हवे तेव्हा निघे. अपवाद म्हणून केलेली आणि कायमची म्हणून ठेवलेली सोय हे या कुळाचे खरे लक्षण, आणि पॅलेस्टाईनमध्ये जे रुजले त्यात ते ठळक दिसते. आयर्लंडने शिपाई पाठवले हे मी मान्य करतो; कारभाराची सवय पूर्वेकडून आली.

सवयीच्या या प्रवासाच्या खुणा भरपूर आहेत. १९२९ च्या अरब-ज्यू दंगलींनंतर पॅलेस्टाईनचे पोलीसदल सुधारायला कोणाला बोलावले, तर सिलोनचे पोलीसप्रमुख हर्बर्ट डाउबिगिन यांना. लष्करी अधिकारी ज्यातून ‘साम्राज्याची पोलिसी’ शिकत ते चार्ल्स ग्विनचे १९३४ चे पुस्तक अमृतसर, मोपला आणि पेशावर यांच्याच रांगेत १९२९ चे पॅलेस्टाईन बसवते. १९३८-३९ मध्ये हैफाकडे अरबांचे बंड मोडणारा माँटगोमेरी आयर्लंडमध्ये कॉर्कला होता हे आयरिश पक्ष सांगतो, पण त्याआधी तो पेशावर आणि मुंबईत होता, आणि पॅलेस्टाईनला जाण्याच्या थोडेच आधी क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात शिकवत होता. ज्यू तरुणांना रात्रीच्या धाडी शिकवणारा ऑर्ड विंगेट तर जन्मला नैनितालला.

या सगळ्यांचा मुकुटमणी सर चार्ल्स टेगार्ट. कलकत्त्याचा पोलीस आयुक्त, १९१५ मध्ये बालेश्वरला बाघा जतीनच्या पाठलागात असलेला. १९२४ मध्ये गोपीनाथ साहाने टेगार्ट समजून अर्नेस्ट डे नावाच्या दुसऱ्याच इंग्रजाला गोळी घातली. १९३० मध्ये डलहौसी स्क्वेअरमध्ये त्याच्या मोटारीवर बाँब पडला, तरी तो वाचला. सुभाषबाबू पकडले गेले तेव्हा आयुक्तपदी हाच होता. डिसेंबर १९३७ मध्ये अरब बंड शिगेला पोचताना ब्रिटिशांनी सल्लागार म्हणून त्याला पॅलेस्टाईनला नेले. त्याने उत्तरेच्या सरहद्दीवर काटेरी तारांचे कुंपण घालायला लावले, काँक्रीटची किल्लेवजा पोलीस ठाणी सुचवली, दक्षिण आफ्रिकेतून माग काढणारी डॉबरमन कुत्री मागवली. अरबांची ‘चौकशी केंद्रे’ही त्याचीच. जेरुसलेममधल्या केंद्रातल्या चौकशीची तऱ्हा कळल्यावर तिथले जिल्हा आयुक्त एडवर्ड कीथ-रोच यांनीच तिला हरकत घेतली.

इथे माझ्या सिद्धांताला पहिला ठोसा बसतो, कारण टेगार्ट उशिरा आला. स्थानबद्धता, संचारबंदी, घरे पाडणे यांचे नियम एप्रिल १९३६ पासून, अरबांच्या सहा महिन्यांच्या हरताळाच्या सुरुवातीपासूनच, लागू होऊ लागले होते, तेही लंडनहून आलेल्या १९३१ च्या राजाज्ञेच्या आधाराने. औनी अब्द अल-हादी हे अरब वकील-पुढारी त्याच वर्षी जूनमध्ये सराफंदच्या छावणीत बसले होते. गावावर सामुदायिक दंड बसवण्याचा कायदाही १९२० च्या दशकातलाच. म्हणजे कलमाचा मजकूर टेगार्टने आणला, असे म्हणता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या इंग्लंडच्या संरक्षण नियमांशी त्याचे तोंडवळ्याचे साम्य आहे, तेही मला दिसते.

पण तोंडवळा आणि वळण वेगळे. इंग्लंडात ती कलमे लढाईपुरती होती. पॅलेस्टाईनमध्ये ती नेहमीच्या दिवाणी कारभाराचा भाग झाली, जशी ती पुण्यात होती. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्यावर ‘जादा पोलीस’ बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल केला गेला. चाळीस वर्षांनी पॅलेस्टाईनमधल्या अरब खेड्यांतही नेमके हेच झाले : गावात पोलीस चौकी, पगार गावाच्या माथी. दंड, ठाणे आणि बिनखटल्याची कैद ही त्रयी एकत्र नांदते ती हिंदुस्थानी कारभारात. ती तशीच दुसरीकडे दिसली, तर ती कोणाच्या तरी हातून तिथे गेली असणार, एवढा अंदाज करायला मी बिचकत नाही.

आणि परिणाम? जून १९३६ मध्ये जाफ्याच्या जुन्या गावातली शेकडो घरे सुरुंगांनी उडवली गेली. सरकारने सांगितले, नगररचना सुधारतो आहोत. मुख्य न्यायाधीश मायकेल मॅकडॉनेल यांनी या बतावणीवर कोरडे ओढले आणि लवकरच त्यांना पद सोडावे लागले. सप्टेंबर १९३७ मध्ये लुइस अँड्र्यूज या अधिकाऱ्याचा नाझरेथला खून झाल्यावर अरब उच्च समितीवर बंदी आली आणि तिच्या काही पुढाऱ्यांना सेशेल्स बेटांवर नेऊन सोडले. १९३९ पर्यंत स्थानबद्धांचा आकडा पाच हजारांपलीकडे गेला. खेड्यांतली कर्ती माणसे छावण्यांत, पुढारी बेटांवर किंवा परागंदा. त्याच काळात सरहद्दीचे कुंपण उभारण्याचा ठेका मिळाला सोलेल बोने या ज्यू कामगार संघटनेच्या बांधकाम कंपनीला, आणि हजारो ज्यू तरुण जादा पोलीस म्हणून सरकारी बंदुका घेऊन उभे राहिले. आणीबाणीने एका समाजाला कैदी केले आणि दुसऱ्याला ठेकेदार व शिपाई. बाल्फोरच्या पत्रात हे कुठेच लिहिलेले नव्हते. १९४८ मध्ये अरब बाजू इतकी विस्कळीत का, याचे मोठे उत्तर मला या छावण्यांच्या हजेरीपटात दिसते.

मग काटा फिरला. १९३९ च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंच्या येण्यावर आणि जमीनखरेदीवर लगाम घातला, ज्यू भूमिगत संघटना उठल्या आणि तीच कलमे त्यांच्यावर वळली. ऑक्टोबर १९४४ मध्ये २५१ ज्यू स्थानबद्धांना विमानांनी एरिट्रियाला पाठवले गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये सारे विखुरलेले नियम एका जुडग्यात बांधले गेले : संरक्षण (आणीबाणी) नियम, १९४५. नियम १११ म्हणजे लष्करी अधिकाऱ्याच्या सहीने स्थानबद्धता, ११२ हद्दपारी, ११९ घर जप्त करून पाडणे, १२५ एखादा भाग बंद जाहीर करणे. फेब्रुवारी १९४६ मध्ये ज्यू वकिलांनी तेल अवीवला सभा घेऊन या नियमांचा जळजळीत निषेध केला. याकोव्ह शिम्शोन शपिरा यांनी तर नाझी जर्मनीतही असे कायदे नव्हते असे सांगितले. हे शपिरा पुढे इस्रायलचे महाधिवक्ता आणि नंतर कायदेमंत्री झाले. नियम शाबूत राहिले.

ते शाबूत कसे राहिले, यावरचा वारसावाद मला या साऱ्या कथेत सर्वांत चविष्ट वाटतो. मे १९४८ मध्ये निघताना ब्रिटिशांनी एक राजाज्ञा काढून पॅलेस्टाईनच्या संरक्षणविषयक राजाज्ञा रद्द केल्या. १९४५ चे नियम ज्या १९३७ च्या राजाज्ञेवर उभे होते, ती त्यांत होती. म्हणजे मूळच उपटले, मग झाड कसे उरले? पॅलेस्टिनी बाजूच्या वकिलांचा पुढे हाच सवाल राहिला. इस्रायलचे उत्तर असे : ती रद्द करणारी आज्ञा पॅलेस्टाईनच्या राजपत्रात छापलीच गेली नाही, म्हणून ती ‘गुप्त कायदा’ ठरते आणि गुप्त कायद्याला किंमत नाही. तसे कलमच इस्रायली कायद्यात नंतर घातले गेले. तर्क वकिली दृष्टीने चोख आहे, पण त्याची निवड बोलकी आहे. नव्या राज्याच्या पहिल्या अध्यादेशाने ज्यूंच्या आगमनावरची आणि जमीनखरेदीवरची ब्रिटिश बंधने नावे घेऊन पुसून टाकली. बाकीचा कायदा जसाच्या तसा चालू ठेवला. कोणती फांदी छाटायची हे ठाऊक असलेल्याने उरलेले झाड नजरचुकीने ठेवले, हे मी मानणार नाही.

१९६६ अखेरपर्यंत इस्रायलमधल्या अरब नागरिकांवर लष्करी प्रशासन चालले ते याच नियमांच्या बळावर. इक्रित आणि बिरइम या अरब खेड्यांच्या गावकऱ्यांना आपापल्या घरी परतू दिले नाही, त्यातही ‘बंद भाग’ हे हत्यार होते. एरिट्रियाला गेलेल्या स्थानबद्धांपैकी मेइर शमगार यांनी तिथे बसून लंडन विद्यापीठाचा कायद्याचा अभ्यास टपालाने केला. पुढे मुख्य लष्करी वकील म्हणून त्यांनीच व्याप्त प्रदेशांच्या लष्करी कारभाराची कायदेशीर चौकट आखली आणि अखेर ते सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष झाले. १९५१ मध्ये विरोधी बाकावरून या नियमांवर तुटून पडणारे मेनाहेम बेगिन १९७९ मध्ये पंतप्रधान होते. तामिर यांच्या कायद्याने नियम १११ ची जागा घेतली, सहा महिन्यांची मुदत घातली आणि अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधीशापुढे नेण्याची अट घातली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण मुदत पुन्हा पुन्हा वाढवता येते, आणि पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँकेत) तर लष्करी हुकूम वेगळेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी तिथल्या ज्यू वसाहतवाल्यांसाठी ही स्थानबद्धता बंद केल्याचे जाहीर केले. पॅलेस्टिनींसाठी ती चालू राहिली. ब्रिटिशांनी दोघांवर उगारलेले हत्यार आता जमात पाहून उगारले जाते.

यात इस्रायल एकटा नाही, हे आपल्याला सांगायला नको. नेहरू आणि पटेल १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात खटल्याशिवाय होते. जून १९४५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला सोडण्याचा हुकूम काढणारे व्हाइसरॉय वेव्हेल, आणि १९३७-३८ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या फौजेचे सेनापती तेच. पाच वर्षांनी, १९५० मध्ये, पटेलांनीच संसदेत प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक आणले. त्यानंतर मिसा, मग राष्ट्रीय सुरक्षा कायदा. आपल्या घटनेच्या कलम २२ मध्ये या सोयीला मूलभूत हक्कांच्या प्रकरणात जागा मिळाली आहे.

म्हणून आयरिश पक्षाला मी पाळणा देऊन टाकायला तयार आहे. कुळ ठरते ते वारसांवरून, आणि या हत्याराचे वारस पाहिले तर एकच नियम निघतो : ज्याने ते अंगावर झेलले, त्याच्या हाती सत्ता आली की त्याने ते मोडले नाही. एकाच भूमीवर दोन समाजांचा हक्क असला आणि त्यांतल्या एकाच्याच हाती हे हत्यार पडले, तर ते भांडण कोर्टात जात नाही, छावणीत जाते. १९३६ मध्ये छावणीत अरब होते, १९४६ मध्ये ज्यू, १९४८ नंतर पुन्हा अरब. कैदी बदलले, कलम तेच राहिले, आणि नातूंच्या पुण्याने हे कलम या सर्वांच्या आधी सोसले होते.