कन्व्हर्जन रेट आणि टिळकांचं घर

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या एका मित्राचा चार वर्षांनी फोन आला. इतकं बरं वाटलं! आई कशी आहे, नोकरी कशी चाललीय, सगळं विचारलं त्याने. आणि दहाव्या मिनिटाला विम्याची पॉलिसी काढली. मी नको म्हटलं. त्यानंतर त्याचा फोन नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या डॅशबोर्डवर एक आकडा असतो, ‘कन्व्हर्जन रेट’. म्हणजे शंभर जण आले, त्यातल्या किती जणांनी खरेदी केली. बाकीचे आमच्या हिशोबात नसतातच. हाच शब्द धर्मांतरालाही वापरतात, म्हणून आज गोष्ट रेव्हरंड ना. वा. टिळकांची. शाळेत आपण त्यांना फक्त कवी म्हणून भेटलो.

टिळक कोकणातले, चित्पावन ब्राह्मण. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा सुरू झाल्या त्या संस्कृत काव्यावरून. उतरताना त्याने बायबलचा नवा करार हातात दिला आणि वाचा म्हणाला. त्या माणसाचं नाव टिळकांना पुढेही कधी कळलं नाही. टिळकांनी पुस्तक वाचलं, पत्रव्यवहार केला, वाद घातले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आता इथे गोष्ट गोड करून सांगायची नाही. या निर्णयाने सगळ्यात जवळचं नातंच तुटलं. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं लिहिलंय, आणि तेही हसवत हसवत. नक्की वाचा.

नंतर त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच. नवरा ख्रिस्ती, बायकोची चूल वेगळी! टिळकांनी ते चालू दिलं. लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेद आधी गेला, तोही त्यांच्या स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. पाच वर्षं! आमच्या कंपनीत एवढी वाट कोणी बघितली नसती.

पण इथे तुम्ही म्हणाल, शेवटी त्या ख्रिस्ती झाल्याच ना? मग हीसुद्धा जरा लांबची सेल्सच की. मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर मिळालं ते बालकवींमुळे.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे मुलासारखे सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. डॅशबोर्डच्या भाषेत, कन्व्हर्जन शून्य. तरी ते त्या घरचेच राहिले. १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून ते गेले. ‘स्मृतिचित्रे’मधला ठोंबरे वाचताना कळतं, की लक्ष्मीबाई घरातल्याच माणसाबद्दल लिहितायत.

म्हणजे टिळकांना आपली श्रद्धा सांगायची नव्हती असं नाही हं. ते आयुष्यभर तेच करत होते. पण कीर्तनातून, अभंगातून, आपल्या मातीतल्या भाषेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही जागा होती, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले.

श्रद्धा असो, राजकारण असो, नाहीतर एखादं आवडतं ॲप. मनापासून पटलेली गोष्ट माणूस दुसऱ्याला सांगणारच. त्यात वाईट काही नाही. समोरचा ‘नको’ म्हणाल्यावर आपण काय करतो, तिथे खरं कळतं. टिळकांच्या घरात ‘नको’ म्हणणाऱ्यालाही ताट वाढलं जायचं.

तो विमावाला मित्र आठवतोय ना? हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मीच त्याला फोन लावला. पॉलिसी घेतली नाही. पण आईची तब्येत विचारायची माझी राहिली होती.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!