सहकाऱ्याचें सुतक

घरचें माणूस वारलें असतां किती दिवस अशौच पाळावें, हें आपल्या धर्मशास्त्रानें बारकाईनें ठरवून दिलें आहे. मनुस्मृतींत तर सहाध्यायासाठींही एक दिवस सांगितला आहे. परंतु वर्षानुवर्षें शेजारीं बसून काम करणारा सोबती एकाएकीं गेला तर काय करावें? घरचीं माणसें दहा दिवस शोक करूं शकतात; आपणांस दुसऱ्या दिवशीं वेळेवर कामावर हजर व्हावें लागतें. शेजारची खुर्ची रिकामी, आणि तिच्यावरचें काम आपल्यापुढें! या दुःखाला ठरलेली रीत नाहीं, म्हणूनच तें अवघड. पुण्याच्या इतिहासांतील अशा दुःखाचे तीन प्रसंग आज श्रोत्यांपुढें मांडावयाचे आहेत.

सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे तरुण सोबती यांनीं १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढच्याच जानेवारींत ‘केसरी’ व ‘मराठा’ निघूं लागले. या मंडळींत शास्त्रीबोवा वयानें आणि कीर्तीनें वडील. १७ मार्च १८८२ रोजीं ते वारले. त्यांना बत्तिसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. टिळक आणि आगरकर तेव्हां अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत कोल्हापूर प्रकरणांतील अब्रुनुकसानीच्या खटल्यांत या दोघांना शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगांत त्यांचे १०१ दिवस गेले. प्रमुख गेला, दोघे बंदींत. तरी वामनराव आपटे, नामजोशी प्रभृति मंडळींनीं शाळा बंद पडूं दिली नाहीं. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज उघडलें. शास्त्रीबोवांचें सुतक त्यांच्या सोबत्यांनीं असें कामानेंच पाळलें.

दुसरा प्रसंग १८९२ च्या ऑगस्टमधला. फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल आणि विख्यात संस्कृत कोशकार वामनराव आपटे ऐन चौतिशींत गेले. त्यांची जागा आगरकरांनीं घेतली. दम्यानें शरीर पोखरलेलें असतांही त्यांनीं तो भार उचलला. मेलेल्या मित्राच्या खुर्चीवर बसणें किती जड जातें, हें ज्याला बसावें लागतें त्यालाच ठाऊक!

येथवर काम हेंच औषध ठरलें. परंतु काम सर्वच जखमा भरून काढीत नाहीं, हें तिसरा प्रसंग सांगतो. टिळक आणि आगरकर हे डेक्कन कॉलेजांतील सोबती. देशसेवेचा संकल्प त्यांनीं तेथेंच केला. पुढें सामाजिक सुधारणेवरून मतें फाटलीं. आगरकरांनीं ‘केसरी’ सोडून १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. टिळकांनीं १८९० च्या अखेरीस सोसायटीचा राजीनामा दिला. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर तिखट लेख निघत राहिले. अशा स्थितींत १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, आगरकर वारले.

‘केसरी’चा मृत्युलेख टिळकांनाच लिहावयाचा होता. तो लिहितांना त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, अशी आठवण सांगितली जाते. उत्तर द्यावयास आगरकर उरले नव्हते. टिळकांनीं वादाची बाजू सोडली नाहीं. पण वादाबरोबर स्नेह पुरून टाकतां येत नाहीं, हें त्या अश्रूंनीं सांगितलें. शास्त्रानें सहाध्यायासाठीं सांगितलेला एक दिवस त्यांनीं जणूं लेखणी हातीं धरून पाळला.

तेव्हां सोबती गेल्यावर त्याचें अपुरें काम हातीं घ्यावें, हें खरेंच. पण त्याच्याशीं आपला कांहीं अबोला असेल तर तो मागाहून कोणत्याही कामानें फिटत नाहीं. त्याला औषध एकच: तो शेजारीं बसला आहे, तोंवर त्याच्याशीं बोलून घ्यावें.