एचआयव्ही: रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, मग गोळ्या बंद का करायच्या नाहीत?

एआरटी औषधे नियमित घेतल्यावर अनेक रुग्णांच्या व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडत नाही. ‘आता गोळ्या थांबवू का?’ असा प्रश्न तेव्हा मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी हा विषाणू शरीरात कसा वाढतो ते पाहू.

विषाणू आपली प्रथिने कशी वापरतो?

एचआयव्हीकडे फक्त ९ जनुके असतात. वाढीसाठी लागणारी बरीचशी सामग्री तो आपल्या पेशीकडूनच घेतो.

• प्रवेश: काही पांढऱ्या पेशींवर सीडी४ हे प्रथिन असते. विषाणू आधी त्याला चिकटतो, मग सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीने आत शिरतो.
• मुक्काम: तो स्वतःच्या आरएनएपासून डीएनए बनवतो आणि पेशीच्या डीएनएमध्ये जोडतो.
• वाढ: पेशी हा डीएनए स्वतःचाच समजून वाचते आणि विषाणूची प्रथिने तयार करते.
• बाहेर पडणे: नवे विषाणू पेशीच्या आवरणातून सुटतात, तेही पेशीच्याच प्रथिनांच्या आधाराने.

औषधे काय करतात?

पेशीची प्रथिने आपल्यालाही लागतात. म्हणून बहुतेक औषधे विषाणूच्या स्वतःच्या प्रथिनांवर काम करतात. टेनोफोविर व लॅमिव्युडीन डीएनए बनू देत नाहीत. डोल्युटेग्राविर तो जोडू देत नाही. मॅराव्हिरॉक हे औषध अपवाद आहे. ते आपल्या सीसीआर५ प्रथिनावर बसून विषाणूची वाट अडवते.

गोळ्या थांबवल्यास काय होते?

औषधे नव्या पेशींना वाचवतात, पण आधीच जोडला गेलेला डीएनए काढू शकत नाहीत. असा डीएनए असलेल्या काही पेशी वर्षानुवर्षे सुप्त राहतात. गोळ्या बंद होताच त्या पुन्हा विषाणू बनवू लागतात आणि बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच व्हायरल लोड वाढतो. गोळ्या वारंवार चुकल्यास औषधांना दाद न देणारा विषाणूही तयार होऊ शकतो.

तुम्ही काय करावे?

• गोळी रोज ठरावीक वेळी घ्या.
• त्रास होत असल्यास गोळ्या परस्पर बंद करू नका. एआरटी केंद्रातील डॉक्टरांशी बोला. औषध बदलता येते.
• व्हायरल लोड तपासणी वेळेवर करा. विषाणू सातत्याने सापडत नसेल, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही.

सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.