सातबाऱ्यात न मावणारं गाव

नागपूरहून वर्धा रस्त्यानं निघालात की विमानतळानंतर मिहान लागतं. सुमारे चार हजार हेक्टरांचा पसारा. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी ही गावं तिथं आधीपासूनची. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि भूसंपादनामुळे ही नावं वर्तमानपत्रांत येऊ लागली. चर्चा झाली ती बहुतेक भावाची. पण भावाआधीचा प्रश्न जुना आहे: जमीन कोणाची?

१८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. भोसल्यांच्या काळी पाटील सारा गोळा करून भरी. गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. पुढच्या बंदोबस्तात इंग्रजांनी अशा सारा भरणाऱ्यांना मालगुजार म्हणून मालकी दिली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे बहुतेक त्यांची कुळं ठरले.

मात्र त्याच दप्तरात आणखी एक कागद असे, वाजिब-उल-अर्ज. शब्द अरबी असला तरी परका नाही. आपले ‘वाजवी’ आणि ‘अर्ज’ त्याच घरातले. गुरं कुठं चरतील, सरपण कुठून आणायचं, तळ्याचं पाणी कोणाला, हे गावचे रिवाज त्यात नोंदत. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याचाही वाटा त्या कागदात असे.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९६६ च्या महसूल संहितेनं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही राखले. पण १८९४ चा भूसंपादन कायदाही तसाच राहिला. प्रयोजन सार्वजनिक आहे, असं सरकारनं जाहीर केलं की तोच निर्णायक पुरावा. मोबदला जमिनीत हितसंबंध असलेल्याला. शेतमजूर आणि गुराखी त्या हिशेबात बसत नव्हते. मिहानचं संपादन सुरू झालं ते याच कायद्याखाली.

१ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला. संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेला मजूरही आता ‘बाधित कुटुंबा’त मोडतो. एवढं मान्य व्हायला एकशेवीस वर्षं लागली.

मिहानचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्यानं सातबाऱ्यावर थांबू नये. या गावांचे वाजिब-उल-अर्ज आधी काढून वाचावेत. जमीन कोणाच्या नावावर होती ते सातबारा सांगेल. तिच्यावर कोण कोण जगत होतं, ते त्या जुन्या कागदात सापडेल.