'सुमारे'चा हिशेब

श्रोतेहो, इंग्रजीत 'अबाऊट' असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ 'बाहेरच्या अंगाने, भोवताली'. शंभराभोवती फिरायचे, पण शंभरावर बोट ठेवायचे नाही! मराठीत त्या जागी 'सुमारे' येतो, आणि त्याचे कूळ अगदी उलटे आहे बरं का. फारसीत 'शुमार' म्हणजे मोजणी. मोजता येत नाही ते 'बेशुमार'. जुन्या मोडी कागदांत 'सुमार' लिहून पुढे नगांचा नेमका आकडा मांडीत. वऱ्हाडात 1867 साली शिरगणती झाली. अशा मोजणीला मराठीत 'खानेसुमारी' म्हणत. 'खाना' म्हणजे घर. हाच मोजणीचा शब्द पुढे अंदाजाच्या कामी लागला.

त्याचे सोबतीही बघा. 'जवळजवळ शंभर' म्हणजे शंभराला थोडे कमी. 'निदान शंभर' म्हणजे त्याहून कमी नाही. 'सुमारे शंभर' मात्र दोन्हीकडे झुकतो. आपला शेतकरी 'दहाएक पोती' म्हणतो, त्यातही हाच मोकळेपणा आहे.

शिक्षकांना हा फरक सांभाळावा लागतो. नांदगावच्या खंडेश्वराच्या देवळात यादव राजा कृष्ण याच्या काळचा, शके 1177 चा शिलालेख आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन 1255 येतो. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र 79 मिळवावे लागतात. म्हणून नुसत्या शकावरून सांगताना 'सुमारे 1255' म्हणणे रास्त. शिवाय हे वय लेखाचे आहे, देवळाच्या पायाभरणीचे नव्हे.

शेतकऱ्याला तर हा शब्द पोटाशी भिडतो. पिकाची पूर्वी आणेवारी काढीत; सोळा आणे म्हणजे पुरे पीक. आता पैसेवारी निघते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. पन्नास पैशांच्या आत आकडा आला, तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. बांधावरून पाहून 'सुमारे पन्नास' म्हणणे सोपे. पण सवलतीची रेघ तिथेच आखलेली असते. अठ्ठेचाळीस आणि बावन्न हे दोन्ही 'सुमारे पन्नास'च, पण एका गावाला सूट मिळते आणि दुसऱ्याला नाही.

तेव्हा मंडळी, मोजणे शक्य नसेल तिथे 'सुमारे' म्हणणे हा प्रामाणिकपणा आहे. मोजणे शक्य असून तसे म्हणणे हा आळस आहे, आणि त्याची किंमत बहुधा दुसराच कोणी भरतो.